कुणीच न लिहिलेला लेख

फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, नम्र आणि जरा घाईतला. ती यवतमाळजवळच लोहाऱ्याला राहत होती. एका तंत्रनिकेतनात तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि समांतर संगणनावरचा तिचा पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात दाखल झाला होता. त्या विषयावरच्या लेखांची मी केलेली संदर्भसूची तिने कित्येक वर्षं वापरली, असं ती म्हणाली. निवृत्तीनंतर असे फोन जवळजवळ बंद झाले होते, त्यामुळे मी सुखावलो आणि खुर्चीत नीट सरकून बसलो.

"सर, तुमच्या सूचीतल्या एका लेखाची कॉपी पाह्यजे होती. कुठंच नाही भेटून राह्यला."

"कोणता लेख?"

तिने दोन लेखकांची आडनावं आणि शीर्षक वाचून दाखवलं. माझ्या हातातली शेंग ताटात पडली.

ती पुढे सांगत राहिली. बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध वाचून कळवलं होतं की, हा संदर्भ कुठेही सापडत नाही. हल्ली प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी जी सॉफ्टवेअरं आली आहेत, ती असे नसलेले संदर्भ बेमालूम रचून देतात. म्हणजे प्रबंधाचा काही भाग तिने यंत्राकडून लिहून घेतला असावा, असा संशय होता. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली होती. लेखाची प्रत दाखवली तर प्रश्न मिटणार होता. नाही तर बनावटीचा ठपका येणार होता, आणि तोही नेमका अशा वेळी, जेव्हा तिच्याच संस्थेत एक कायमची जागा निघाली होती.

"डिग्री हातात नसली तं मुलाखतीले बसूच देत नाहीत, सर. पण तुम्ही तं त्या लेखावर टीप लिहिली आहे. म्हणजे तुमच्याकडे असंलच ना?"

"शोधावं लागेल," मी म्हणालो.

तो लेख जगात कुठेच नव्हता. तो मी रचला होता.

हे कसं घडलं ते सांगायला मागे जावं लागेल. मी इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होतो. समांतर संगणन म्हणजे एक मोठं काम अनेक संगणकांनी वाटून घेऊन एकाच वेळी करायचं. वर्गात मी कापूस वेचणीचं उदाहरण द्यायचो. वावरात बाया उतरतात, प्रत्येक जण आपली पात धरते, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ. काम लवकर होतं. पण एखादीच्या ओळीत बोंडं जास्त फुटलेली असली की ती मागे राहते आणि बाकीच्या बांधावर बसून तिची वाट पाहतात. या वाट पाहण्याचं काय करायचं, हाच आमच्या विषयातला मोठा प्रश्न. पोरं हसायची, पण त्यांच्या लक्षात राहायचं.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात या विषयावरची नियतकालिकं येत नसत. नागपूर, मुंबई, जिथे जायला मिळेल तिथून मी लेखांच्या झेरॉक्स आणत होतो. आणलेल्या प्रत्येक लेखाची नोंद करायची, खाली दोन ओळींची टीप लिहायची, आणि त्या लेखाच्या शेवटी ज्यांचे संदर्भ असतील ते लेख मिळवायच्या मागे लागायचं, असा उद्योग सुरू झाला. हळूहळू संगणकावर मोठी फाइल तयार झाली. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येऊ लागलं, तेव्हा ती मी मागेल त्याला पाठवू लागलो. पुढे महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर एक पान मिळालं, तिथे ठेवली. वर लिहिलं होतं: वापरा, वाटा, चुका दिसल्या तर कळवा, फक्त कुठून घेतली ते सांगा.

लोक कळवायचे. कुठल्या कुठल्या देशांतून पत्रं यायची. कुणी राहिलेला लेख सुचवायचं, कुणी पृष्ठक्रमांक दुरुस्त करायचं. माझ्या स्वतःच्या नावावर सांगण्यासारखं संशोधन झालं नाही. मी करून पाहायचो, आकडे मांडायचो, आणि प्रसिद्ध करायची वेळ आली की कुणी चूक काढेल या भीतीने कागद ड्रॉवरमध्ये टाकायचो. पण ही सूची माझी होती, आणि यवतमाळात बसून मी जगाशी बोलतो आहे असं तिच्यामुळे वाटायचं.

मग एकदा माझी अख्खी सूची दुसऱ्याच एका प्राध्यापकाच्या पानावर दिसली. टिपांसकट. टाइप करताना झालेल्या माझ्या चुकाही जशाच्या तशा होत्या. माझं नाव कुठेच नव्हतं. मी त्यांना लिहिलं. उत्तर आलं की, संदर्भ ही सार्वजनिक गोष्ट आहे, तिच्यावर कुणाची मालकी कशी असेल?

मला झोंबलं. नकाशे काढणारे लोक नक्कल पकडण्यासाठी नकाशात एखादी नसलेली गल्ली घालतात, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. मीही सूचीत एक नसलेला लेख घातला. त्या लेखाचे दोन लेखक मी बनवले. एकाचं आडनाव केलं सावंग. माझ्या बायकोचं माहेर फुलसावंगी, तिथून उचललेलं. दुसरं असंच परदेशी वाटेल असं. ज्याच्या लेखसंग्रहाच्या छापील प्रती कुणाला सहज मिळणार नाहीत असं एक जुनं संमेलन निवडलं आणि त्यातल्या दोन खऱ्या लेखांच्या मध्ये बसतील असे पृष्ठक्रमांक टाकले. खाली टीप लिहिली. त्या संध्याकाळी बायकोला हे सगळं सांगून मी पोट धरून हसलो होतो. तीही हसली. "माह्या माहेरचं नाव जगात गाजवून राह्यले तुम्ही," म्हणाली.

सापळा लागला. तो लेख मला दुसऱ्या पानावर दिसला, मग तिसऱ्या. मी नक्कल करणाऱ्यांना कधी काही लिहिलं नाही, नुसता मनात हसत राहिलो. मग एका परदेशी विद्यार्थ्याचं पत्र आलं की, हा लेख मिळत नाही, तुमची प्रत पाठवाल का? खरं सांगायची ती वेळ होती. मी त्याला लिहिलं, माझ्या प्रतीला वाळवी लागली. त्यानंतर मला त्या नोंदीकडे पाहवेना. ती काढून टाकावी, तर जिथे जिथे नक्कल झाली तिथे ती राहणारच होती, आणि मूळ सूचीतून का नाहीशी झाली असं कुणी विचारलं असतं तर काय सांगायचं? म्हणून ती तशीच ठेवली. मग निवृत्त झालो, आणि तिचा विचार करणंच सोडून दिलं.

तर आता ही मुलगी.

"शोधावं लागेल" म्हटल्यावर तिने आठवडाभर वाट पाहिली. मधे दोनदा फोन केला. मी एकदा म्हणालो, तब्येत बरी नाही. दुसऱ्यांदा फोन वाजू दिला. या दिवसांत मी काय केलं ते नीट सांगतो, कारण लिहायला बसलो ते त्यासाठीच. मी हिशेब करत होतो. एक नोंद खोटी आहे असं सांगितलं की बाकीच्या सगळ्या नोंदींवर कोण विश्वास ठेवणार? माझं आयुष्यभराचं एवढंच तर काम. समिती आपोआप विसरेल, ते परीक्षक नरमतील, ती मुलगी तो संदर्भ काढून टाकेल, असं काय काय मी मनाशी घोळवत राहिलो. रात्री नीट झोपायचो, हेही खरं.

मग ती घरीच आली. स्कूटीवरून, पाठीला लॅपटॉपची बॅग. आली ती थेट म्हणाली, "सर, तुमची तब्येत नाही म्हणता, तं मीच शोधते. तुम्ही फक्त कपाट दाखवा."

नाही कसं म्हणणार? झेरॉक्सचं कपाट मागच्या खोलीत होतं. ती जमिनीवर बसली, ओढणी कंबरेला खोचली आणि एकेक गठ्ठा काढून पाहू लागली. पिवळे पडलेले कागद, गंजलेल्या टाचण्या, मधून मधून झुरळांची अंडी. मी खुर्चीवर. ती प्रत्येक लेखाचं शीर्षक पुटपुटत वाचायची, बाजूला ठेवायची. मधेच मान वर करून म्हणाली, "बाप्पा, किती मेहनत केली सर तुम्ही! मी प्रबंधात आभार मानताना पहिलं नाव तुमचं लिहिलं. माह्या गाइडच्याही आधी. ते रुसलेच थोडे."

सापळा लावला होता नाव न सांगता सूची उचलणाऱ्यांसाठी. त्यांच्यातल्या एकाचंही कधी काही बिघडलं नाही. आणि जिने सगळ्यांत आधी माझं नाव लिहिलं, ती माझ्या पायाशी बसून नसलेला कागद शोधत होती.

"सर, तुमची झेरॉक्स कशी होती? म्हणजे टाचलेली, की सुटी पानं?"

"टाचलेली असेल," मी म्हणालो. म्हणजे अजूनही खोटंच.

बायको चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता सहज विचारलं, "काय हरवलं बेटा?"

"एक लेख आहे काकू. सावंग म्हणून लेखक आहे कोणी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाकडे पाहिलं. आता ती बोलणार, असं वाटलं. पण "चहा थंड होईल, पिऊन घे," एवढं मुलीला म्हणाली आणि गेली. दोन मिनिटांनी आतून हाक आली, "अहो, जरा गॅसचं पाहता का?"

गॅसला काही झालेलं नव्हतं. ती ओट्याला टेकून उभी होती.

"थोच हाये ना? फुलसावंगीवाला?"

"हळू बोल."

"त्या पोरीले कायले धुळीत बसवलं तुम्ही? जे नाहीच ते शोधाले?"

मी तिला समितीचं सांगितलं, जागेचं सांगितलं. म्हटलं, मी मुद्दाम तिच्यासाठी थोडंच केलं होतं.

"डुकरासाठी तारेत करंट सोडते लोकं," ती म्हणाली, "अन् सापडते शेजाऱ्याचा बैल. मंग शेतकरी म्हणते, मी तं डुकरासाठी सोडला होता. बैल उठते का त्यानं?" मग पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाली, "तुम्ही सांगता का मी सांगू? मी सांगतलं तं माह्या भाषेत सांगीन."

मी खोलीत परत गेलो. मुलगी खालच्या कप्प्याशी पोचली होती. केसांत कोळ्याचं जाळं लागलं होतं. मी उभ्यानेच म्हणालो, "तो लेख मिळणार नाही. तो मी बनवलेला आहे. कुणीच लिहिलेला नाही."

तिला आधी कळलंच नाही. ती हसली. "म्हणजे काय सर?"

मी नक्कल केलेल्या सूचीपासून सगळं सांगितलं. वाळवीचंही सांगितलं. ती ऐकत होती, हातातला गठ्ठा तसाच धरून. मग तिने तो गठ्ठा जमिनीवर ठेवला, फेकला नाही, आणि विचारलं, "फोनवर माहीत होतं तुमाले?"

"हो."

"आठ दिवस?"

मी मान हलवली.

"अन् आता दुपारपासून मी काय करून राह्यली अठी? तुम्ही खुर्चीवर बसून पाहून राह्यले?" तिचा आवाज चढला. "समितीनं मागच्या आठवड्यात खुलासा मागतला होता, सर. मी लिहून दिलं, सरांकडे प्रत आहे, लवकरच देते. माह्या सहीनं लिहून दिलं. काहून नाही सांगतलं तेव्हाच?"

मी म्हणालो, भीती वाटली.

"तुमाले भीती!" ती म्हणाली. मग एकदम थांबली. पुढचं ती खूप हळू बोलली. "चूक माहीही आहे. मी लेख वाचलाच नव्हता. तुमची टीप वाचली, अन् लिहून दिलं की अमुक लेखकांनी असं दाखवलं आहे." मग, "पण सर, त्या टिपेत जे लिहिलं आहे ते तं चालते. मी करून पाह्यलं. माहं आख्खं चौथं प्रकरण त्याच्यावर आहे. ते कोणाचं आहे मग?"

टिपेत मी लिहिलं होतं: ज्याचं काम आधी संपेल त्याने थांबू नये, मागे पडलेल्याच्या कामात उलट्या टोकाने शिरावं, आणि किती काम उचलायचं ते अमुक बेताने ठरवावं, विचार साधा, मोजमाप नीट, जरूर वाचावा. वेचणीत बाया हेच करतात. जिची पात लवकर संपते ती मागे राहिलेलीच्या ओळीत समोरून शिरते. दुसऱ्याचं काम उचलण्याचा विचार इतरांनीही मांडला होता, त्यात माझं काही नव्हतं. किती उचलायचं याचा तो बेत मात्र माझा होता. ड्रॉवरमध्ये पडलेल्या कागदांतला. खोट्या लेखाला खरा वाटेल असा काहीतरी मजकूर हवा होता, तेव्हा हाताशी तोच होता.

"माझं आहे," मी म्हणालो.

"मंग तुमच्या नावानं काहून नाही छापलं?"

याचंही उत्तर भीती हेच होतं. पण एका दुपारी दोनदा तेच सांगायची लाज वाटली, म्हणून जमिनीवरचे गठ्ठे उचलू लागलो. तिने बॅग उचलली. दारात बायकोने तिच्या केसांतलं जाळं काढलं. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "सोमवारी समिती आहे. अमरावतीले. तुम्ही येता?"

मी म्हणालो, येतो. तिचा विश्वास बसला नाही, हे दिसलं.

एसटीत आम्ही एकाच बाकावर होतो. माझ्या खिशात लेखी निवेदन होतं. ते मी पुन्हा पुन्हा चाचपत होतो. आपण ऐनवेळी शब्द फिरवू, चूक अनवधानाने झाली असं म्हणू, अशी मला स्वतःचीच धास्ती होती. निवेदनात तसं एक वाक्य खरंच होतं. बसस्थानकावर उतरल्यावर मी तिच्याकडून पेन मागून ते खोडलं. ती पाहत होती.

समितीत तिघे जण होते. अध्यक्षबाईंनी मला बसायला सांगितलं, मी उभ्यानेच वाचून दाखवलं. एक सदस्य माझ्याच वयाचे. ते म्हणाले, "मी तुमची सूची वापरली आहे हो. माझ्या विद्यार्थ्यांना देत आलो आहे." मला शिव्या परवडल्या असत्या.

अध्यक्षबाईंनी मुलीला विचारलं, "लेख वाचला नव्हता, तर वाचल्यासारखं का लिहिलं?"

"चुकलं मॅडम," ती म्हणाली. माझं नाव पुढे करून ती सुटू शकत होती. तिने ते केलं नाही.

निर्णय त्याच दिवशी तोंडी कळला. बनावटीचा आरोप काढला गेला. पण चौथं प्रकरण पुन्हा लिहायचं, प्रत्येक संदर्भ स्वतः वाचल्याचं लिहून द्यायचं, मग प्रबंध पुन्हा परीक्षकांकडे. म्हणजे मुलाखत हातची गेली. बाहेर आल्यावर अध्यक्षबाई मला एकट्याला म्हणाल्या, "हे आम्ही खुलासा मागितला तेव्हाच कळलं असतं, तर खुलाशावरच मिटवता आलं असतं. लेखी आश्वासन आल्यावर आम्हाला सुनावणी घ्यावीच लागली." मी हे मुलीला तिथे सांगितलं नाही. परतीच्या एसटीत, यवतमाळ जवळ आल्यावर सांगितलं.

त्या जागेवर दुसरं कुणीतरी लागलं.

सूचीतली ती नोंद मी काढली नाही. तिच्याखाली लिहिलं की हा लेख अस्तित्वात नाही, तो मी रचला होता, का रचला, आणि त्यामुळे कुणाचं नुकसान झालं. मुलीचं नाव अर्थात दिलं नाही. ज्यांचे पत्ते माझ्याकडे होते त्या सर्वांना कळवलं. वाळवीची थाप दिली होती त्या विद्यार्थ्यालाही. त्याचा पत्ता आता चालत नाही, पत्र परत आलं. काहींनी सूची आपल्या पानावरून काढून टाकली. एकाने कडक शब्दांत लिहिलं. काही जणांनी मात्र सूची वाटून घेतली आणि एकेक तुकडा तपासायला सुरुवात केली. त्यांना आणखी चुका सापडत आहेत. नुसत्याच चुका, वर्षाच्या, पानांच्या. तरी पत्र आलं की मी ते लगेच उघडत नाही.

मधे तिने नव्या प्रकरणातलं एकच वाक्य पाठवलं. ही पद्धत अमुक यांची (तिथे माझं नाव), त्यांनी ती प्रसिद्ध केलेली नाही, त्यांच्या परवानगीने इथे वापरली आहे. खाली विचारलं होतं, बरोबर आहे का? मी 'हो' कळवलं. ड्रॉवरमधले कागदही पाठवून दिले. त्यांत तिने एक चूक काढली, आणि ती खरोखर चूक होती.

प्रबंध मंजूर झाल्याचं मला तिसऱ्याकडून कळलं. मी मागवून घेतला. आभाराच्या पानावर आता तिच्या गाइडचं नाव पहिलं आहे, माझं नाही. प्रबंध सूचीत घालावा असं वाटलं. पण आता विचारल्याशिवाय घालायची हिंमत होईना. तिला लिहिलं, तुमच्या प्रबंधाची नोंद करू का?

दोन दिवस काही आलं नाही. मग दोन शब्द आले: "आधी वाचा."

दुसऱ्या प्रकरणापर्यंत आलो आहे. डोळे लवकर थकतात, त्यामुळे सावकाश चाललं आहे. टीप अजून लिहिलेली नाही.